घरं नंतर आली

नॅशनल ट्रस्ट म्हटलं की इंग्लंडातली उमरावांची भव्य घरं, आखीव बागा आणि चहा-केक आठवतो. पण १८९५ मध्ये ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर आणि हार्डविक रॉन्स्ली यांनी संस्था काढली ती मुख्यतः मोकळ्या जमिनीसाठी. हिल बाई लंडनच्या गरीब वस्त्यांतल्या भाड्याच्या घरांचा कारभार बघत. एका खोलीत दाटीने राहणाऱ्यांना पाय मोकळे करायला जागा हवी, हा त्यांचा ध्यास. पहिली मिळकत वेल्समधली एक टेकडी. वर्षभरात १० पौंडांना घेतलेली पहिली इमारत म्हणजे आल्फ्रिस्टनचं शाकारलेलं, मोडकळीला आलेलं पाद्र्याचं घर. मोठी घरं आली ती वारसाकरामुळे. कर भरता भरता उमराव मेटाकुटीला आले, तेव्हा लॉर्ड लोथियन यांनी १९३४ मध्ये ट्रस्टला गळ घातली आणि १९३७ च्या कायद्याने वाट काढली: घर आणि त्याच्या देखभालीचा निधी ट्रस्टला द्यायचा, कर टाळायचा, कुटुंबाने तिथेच राहायचं आणि ठरावीक दिवशी लोकांना आत घ्यायचं. लोथियन यांचं स्वतःचं ब्लिकलिंगचं घर १९४० मध्ये याच वाटेने आलं. सौदा मालकांच्या सोयीचा होता, यात शंका नाही.

यावर कुणी म्हणेल, सौदा नसता तर घरंच उरली नसती. खरंच आहे, विसाव्या शतकात तिथे अशी शेकडो घरं पाडली गेली. पण घर जर सार्वजनिक सवलतीवर वाचलं, तर त्याची गोष्ट एकट्या मालकाची कशी राहील? उदाहरणार्थ, ट्रस्टच्याच पोविस किल्ल्यात टिपू सुलतानाचा छिटाचा तंबू आहे. टिपूची राजधानी श्रीरंगपट्टण १७९९ मध्ये पडली तेव्हा मद्रासचा गव्हर्नर होता रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड; त्याच्या घराण्याकडून तंबू इथे आला. वसाहती आणि गुलामगिरीशी आपल्या घरांचे संबंध सांगणारा अहवाल ट्रस्टने २०२० मध्ये काढला, तर टीकाकार म्हणाले, हे राजकारण झालं, लोक इथे विसाव्याला येतात. विसावा हवाच. मात्र तंबू दाखवायचा आणि तो कसा आला हे गाळायचं, हेही राजकारणच. फक्त जुनं, म्हणून अंगवळणी पडलेलं. शिवाय कष्टकऱ्यांची बाजू दाखवल्याने घराची शोभा जाते, असंही नाही. एर्डिगच्या यॉर्क घराण्याने नोकरांचीच चित्रं काढून घेतली होती, वर त्यांच्यावर पद्यही रचलं होतं. १९७३ मध्ये ते घर ट्रस्टकडे आल्यावर पाहुण्यांना दर्शनी दाराने न नेता सुतारकाम, लोहारकाम, धुणं आणि स्वयंपाक चालायचा त्या बाजूने आत नेलं गेलं, आणि एर्डिगची ख्याती मुख्यतः याच गोष्टीमुळे आहे.