जामखेड आरोग्य प्रकल्प
अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील जामखेड येथे १९७० मध्ये सुरू झालेला ग्रामीण आरोग्यसेवेचा उपक्रम. रजनीकांत आरोळे (१९३४–२०११) व मेबल आरोळे (१९३५–९९) या डॉक्टर दांपत्याने तो उभारला. या अवर्षणग्रस्त भागातील बहुतेक आजार कुपोषण, दूषित पाणी व असुरक्षित बाळंतपण यांतून उद्‌भवत. केवळ रुग्णालय काढून ते टळणारे नव्हते. प्रारंभी खेड्यांत परिचारिका नेमल्या. परंतु बाहेरून आलेल्या या तरुणींचा गावात जम बसेना. म्हणून गावानेच निवडलेल्या स्त्रियांना आरोग्यसेविकेचे शिक्षण देण्यात आले. त्यांपैकी अनेक निरक्षर व दलित होत्या. मुलांची वजने घेणे, गर्भवतींची देखभाल, प्रसूती व साध्या आजारांवरील उपचार ही कामे त्या करीत आणि अवघड रुग्ण जामखेडला पाठवीत. रुग्णांना आपल्याच बोलीत समजावणारे, रात्री-अपरात्री हाकेला धावणारे माणूस लाभले. ज्यांच्या हातचे पाणी वर्ज्य मानले जाई, त्यांच्याच हाती बाळंतिणी विश्वासाने सोपविल्या जाऊ लागल्या. बालमृत्यूंचे प्रमाण पुष्कळ घटले. प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या आल्मा-आता जाहीरनाम्यात (१९७८) लोकसहभागाचे जे तत्त्व मांडले गेले, ते येथे आधीच आचरणात आले होते. आरोळे दांपत्यास १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.