कोलटकर, अरुण बालकृष्ण

(१ नोव्हेंबर १९३२–२५ सप्टेंबर २००४). मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत सारख्याच ताकदीने लिहिणारे प्रयोगशील कवी व जाहिरातक्षेत्रातील नामांकित चित्रकार. जन्म कोल्हापूरचा, शालेय शिक्षण तेथील राजाराम हायस्कुलात. १९४९ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. शिक्षणात खंड पडला आणि पदविका १९५७ मध्ये मिळाली. पुढे चरितार्थासाठी त्यांनी जाहिरातींचे काम केले. त्या व्यवसायातील मानाचा कॅग पुरस्कार त्यांना सहा वेळा लाभला. अक्षराचे वळण, पानावरची मोकळी जागा आणि नेमकी ओळ यांची जाण त्यांच्या कवितेला या कामातून मिळाली, हे त्यांची पुस्तके उघडताच जाणवते.

१९५४ मध्ये दिलीप चित्रे, रमेश समर्थ आदी मित्रांबरोबर त्यांनी ‘शब्द’ हे अनियतकालिक चालवले. साठच्या दशकात मराठीत अनियतकालिकांची जी चळवळ फोफावली, तिची ही सुरुवात होय. प्रस्थापित मासिकांच्या संपादकांची मर्जी न सांभाळता लिहिता येते, हा विश्वास त्या तरुणांना येथे मिळाला. कोलटकरांनी तो जन्मभर जपला. मोठ्या प्रकाशकाच्या दाराशी ते गेले नाहीत. मराठी पुस्तके अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढली. इंग्रजीसाठी त्यांनी आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा व गीव्ह पटेल यांच्यासह ‘क्लीअरिंग हाऊस’ ही कवींची स्वतःची प्रकाशनसंस्था उभी केली.

‘अरुण कोलटकरच्या कविता’ (१९७७) हा पहिला मराठी संग्रह आला तेव्हा कवी पंचेचाळिशीत होता. सुरुवातीच्या कविता दुर्बोध आहेत, प्रतिमांवर प्रतिमा कोसळत जातात. पण त्याच संग्रहात मुंबईच्या फुटपाथवरची, हिंदी-मराठीची सरमिसळ असलेली बोलीही येते. हॉटेलातला पोऱ्या, पोलीस, मवाली यांच्या तोंडची भाषा त्यांनी सजवली-सावरली नाही. मराठी कवितेची भाषा कोणाची, हा प्रश्न त्यांनी असा थेट कवितेतूनच विचारला. अशा काही कविता त्यांनी स्वतःच अमेरिकन बोलीच्या इंग्रजीत आणल्या.

‘जेजुरी’ (१९७६) ही इंग्रजी कवितामालिका त्यांची सर्वांत प्रसिद्ध कृती. १९६३ मध्ये भाऊ मकरंद आणि कवीमित्र मनोहर ओक यांच्याबरोबर ते खंडोबाच्या गडाला गेले होते. त्या भेटीतून ती उगवली. एसटीच्या प्रवासाने ती सुरू होते आणि रेल्वे स्थानकावर संपते. मधल्या वाटेवर मोडकळीला आलेली देवळे, पैशासाठी पिच्छा पुरवणारी म्हातारी, हातपाय नसलेला यशवंतराव देव भेटतात. एका कवितेत एकाच बिजागरीवर लोंबकळणारे जुने दार आहे. ते केव्हाच निघून गेले असते. खांद्यावर वाळत घातलेल्या अर्ध्या चड्डीपायी ते अडकून राहिले आहे. देवस्थानाची पडझड आणि तेथील घरोघरचा संसार एका वस्तूत असा दिसतो. शेवटाकडे शेतात उड्या मारणाऱ्या कोंबडे-कोंबड्यांची कविता येते, तिचे शब्दच पानावर खालीवर नाचत छापले आहेत. या पुस्तकाला १९७७ मध्ये राष्ट्रकुल कविता पारितोषिक मिळाले. भालचंद्र नेमाडे यांनी मात्र यातील दृष्टी पर्यटकाची असल्याची कडक टीका केली. ही टीका पूर्ण पटत नाही. भक्त म्हणून जे हात जोडतात त्यांच्याइतक्याच एकाग्रतेने हा कवी दगडाकडे पाहतो आणि जे दिसले नाही ते दिसल्याचे सांगत नाही.

कोलटकरांना केवळ पाश्चात्त्य आधुनिकतेचे अपत्य समजणे ही चूक ठरेल. त्यांनी तुकाराम, नामदेव, जनाबाई व मुक्ताबाई यांच्या रचना इंग्रजीत आणल्या. अर्जुन शेजवळ यांच्याकडे पखवाज शिकले. भजनगायक बळवंतबुवांच्या सहवासात वर्षानुवर्षे राहून त्यांनी बुवांच्या आठवणी जमवल्या. देवाला सरळ कामाला लावणारी, त्याच्याशी भांडणारी जनाबाईची भाषा आणि ‘चिरीमिरी’ या त्यांच्या संग्रहातील विठ्ठल-रखुमाईच्या कवितांचा सूर यांत फार अंतर नाही. १९९१ मध्ये मराठवाडा साहित्य परिषदेने त्यांना कुसुमाग्रज पुरस्कार दिला.

पहिल्या मराठी संग्रहानंतर दुसऱ्यासाठी वाचकांना सव्वीस वर्षे थांबावे लागले. मग दोनच वर्षांत ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’ (दोन्ही २००३), ‘द्रोण’ (२००४) आणि इंग्रजीत ‘काला घोडा पोएम्स’ व ‘सर्प सत्र’ (दोन्ही २००४) अशी पाच पुस्तके आली. ‘सर्प सत्र’मध्ये जनमेजयाच्या यज्ञाची कथा आहे, सुडासाठी एका अख्ख्या जातीला आगीत लोटणाऱ्या सत्तेला त्यात जाब विचारला आहे. ‘काला घोडा पोएम्स’ हे दक्षिण मुंबईतल्या एका चौकाचे महाकाव्यच. कोलटकर तेथल्या वेसाइड इन या उपाहारगृहात नेमाने बसत. फुटपाथवर इडली विकणारी बाई, झाडूवाली, भिकारी, नशेबाज यांना त्यांनी खिडकीतून वर्षानुवर्षे पाहिले. पहाटे वाहतूक बेटावर पसरलेल्या भटक्या कुत्र्याच्या अंगावरचे ठिपके सतराव्या शतकातील मुंबईच्या नकाशासारखे दिसतात, आणि तो कुत्राच शहराचा इतिहास सांगू लागतो.

‘भिजकी वही’ हा त्यांचा सर्वांत मोठा आणि कदाचित सर्वांत मोलाचा ग्रंथ. रडणाऱ्या स्त्रिया हा त्याचा विषय. कॅसान्ड्रा, हायपेशिया, राबिया, कन्नगी, रशियन कवी मान्देलश्ताम यांची पत्नी नादेज्दा आणि नापाम बॉम्बने भाजून रस्त्यावरून धावणारी व्हिएतनामची किम यात भेटतात. काळ, देश आणि धर्म ओलांडून इतक्या स्त्रियांच्या डोळ्यांतले पाणी एका पुस्तकात आणणारी दुसरी मराठी कविता नाही. या ग्रंथाला २००५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तेव्हा कवी हयात नव्हता. पोटाच्या कर्करोगाने पुण्यात त्यांचे निधन झाले होते. ‘अरुण कोलटकरच्या चार कविता’ (२००६) आणि मराठी ‘जेजुरी’ ही पुस्तके त्यानंतर प्रास प्रकाशनाने काढली. मेहरोत्रा यांनी संपादलेल्या ‘द बोटराइड अँड अदर पोएम्स’मध्ये अभंगांचे अनुवाद वाचायला मिळतात.