युआनमिंगयुआनचे दगड

निषिद्ध नगरीच्या तांबड्या भिंतींआड चिंग सम्राटांचे दरबारी विधी चालत. योंगझेंग आणि चियानलाँग यांचे वर्षातले पुष्कळ दिवस मात्र बीजिंगच्या वायव्येस, युआनमिंगयुआनमध्ये जात आणि राज्यकारभारही तेथूनच होई. सुमारे ३५० हेक्टरांच्या या परिसरात आम्ही बराच वेळ हिंडलो. तळी होती, टेकाडे होती, कमळे होती. प्रासाद मात्र कुठेच नव्हता.

भग्नावशेष पाहायचे तर ईशान्येच्या कोपऱ्यात जावे लागते. तेथे कोरीव खांब आणि मोडक्या कमानी उभ्या आहेत. चीनच्या अपमानाचे प्रतीक म्हणून जगभर छापले जाणारे चित्र ते हेच. मौज अशी की हे अवशेष युरोपीय धाटणीचे आहेत. चियानलाँगने हौसेने बांधवून घेतलेल्या या महालांची रचना कास्तिलिओने या इटालियन जेझुइटाची आणि कारंजी बेन्वा या फ्रेंच जेझुइटाची. एकूण उद्यानाचा हा अगदी लहानसा भाग. पण दगडी होता म्हणून उरला. खरा चिनी प्रासाद लाकडाचा होता. त्याची राख झाली, आणि राखेपुढे उभे राहून कोणाला छायाचित्र काढता येत नाही.

ऑक्टोबर १८६० मध्ये इंग्रज-फ्रेंच फौजांनी आधी येथे मनसोक्त लूट केली. पांढरे निशाण घेऊन गेलेल्या त्यांच्या माणसांना चिन्यांनी पकडले होते. त्यांतले जवळपास निम्मे कैदेत मेले, काही शीख स्वारही त्यांत होते. सूड म्हणून लॉर्ड एल्गिनने १८ ऑक्टोबरला प्रासाद जाळायचा हुकूम दिला. फ्रेंचांनी त्यात हात घातला नाही. आग लावणाऱ्यांत मात्र पंजाबी पलटणीचे शिपाई होते. आपल्या शिपायांच्या हातून घडलेल्या या प्रकाराविषयी आपण फारसे बोलत नाही. इंग्रजांनी ‘लूट’ हा शब्द आपल्याकडूनच उचलला होता; येथून नेलेले एक पेकिनीज कुत्रे व्हिक्टोरिया राणीला भेट मिळाले, तेव्हा त्याचे नावच ‘लूटी’ ठेवले गेले. एल्गिन पुढे १८६२ मध्ये हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. १८६३ मध्ये तो वारला. त्याची कबर धरमशालेला आहे.

सगळे पाप परकीयांच्या माथी मारणेही बरोबर नव्हे. १९०० च्या धामधुमीनंतर उरलेसुरले लाकूड आणि दगड स्थानिकांनीच वाहून नेले.

याच कोपऱ्यातल्या एका कारंज्यावर राशिचक्रातल्या बारा प्राण्यांची कांस्यशिरे होती. दर दोन तासांनी एकेकाच्या मुखातून पाणी उडे, भर दुपारी बाराही मुखांतून एकदम. त्यांपैकी सात शिरे लिलावांतून वा देणगीरूपाने चीनमध्ये परतली. घोड्याचे तर २०२० मध्ये थेट या उद्यानात आले. ड्रॅगन, साप, मेंढा, कोंबडा आणि कुत्रा मात्र अजून परतलेले नाहीत.