मुखेडच्या शेजारची सरहद्द

वाचकहो, सरहद्द म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे १९४७ सालचा पंजाब उभा राहतो. आपल्या मुखेडच्या शेजारीही एक सरहद्द आहे. ती एकाच देशातल्या दोन राज्यांची, म्हणून तिच्यासाठी रक्त सांडलं नाही. पण १९५६ साली ती नव्याने आखली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या सोयरीक असलेली गावं दोन राज्यांत गेली. ती कोणत्या मापाने आखली, तेवढंच आज पाहू.

सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. तिथे जिल्हे पाडताना भाषा पाहिलेली नव्हती. मुखेडच्या एका अंगाला उदगीर. बोली मराठी, पण जिल्हा बिदर. दुसऱ्या अंगाला देगलूर. त्याच्याही पलीकडे बिचकुंदा, जुक्कल, मुधोळ या भागात मराठी आणि तेलुगू एकाच गल्लीत ऐकू यायच्या. घरात एक भाषा, बाजारात दुसरी, कचेरीत उर्दू. याचं कुणाला नवल वाटत नसे.

पुढे भाषावार राज्यांचा प्रश्न आला. फजल अली आयोगाने १९५५ च्या अहवालात सर्वसाधारण नियम असा धरला की, वाटणी जिल्ह्याच्या मापाने करावी. आता असं पहा, हे माप जसंच्या तसं लावलं असतं तर उदगीर बिदरबरोबरच राहिलं असतं. म्हणून १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने जिल्हेही तोडले. उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके मुंबई राज्याकडे आले. किनवट आणि राजुरा तालुके आणि इस्लापूर मंडळ आदिलाबाद जिल्ह्यातून इकडे आले. देगलूर तालुक्यातली बिचकुंदा व जुक्कल ही मंडळं आणि मुधोळ तालुक्यातली मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळं आंध्र प्रदेशाला मिळाली. धर्माबाद मात्र आपल्याकडे राहिलं. दिवस होता १ नोव्हेंबर १९५६.

हे मंडळ म्हणजे काय? महसूल गोळा करायला, गिरदावराच्या सोयीसाठी बांधलेली गावांची मोट. मोट उचलली की आतलं प्रत्येक गाव तिच्याबरोबर गेलं, मग त्याची बोली कोणतीही असो.

याहून बारीक माप नव्हतं का? होतं. आंध्र आणि मद्रास यांच्या तंट्यात हरि विनायक पाटसकर यांनी गाव हाच घटक धरला. लोकांची भाषा पहायची आणि गाव त्या राज्याला लागून आहे का, तेही पहायचं. त्याप्रमाणे १ एप्रिल १९६० पासून तिथली हद्द बदलली. आपल्या बाजूला हे माप लागलं नाही.

पण खरं सांगायचं तर, जिथे एका गल्लीत दोन भाषा आहेत तिथे गावाचं मापही अपुरं पडतं. रेघ कुठूनही ओढा, काही घरं चुकीच्या बाजूला जाणारच. धर्माबादहून निजामाबादकडे निघालं की वाटेत बासर लागतं. सरस्वतीच्या त्या देवळात आपली माणसं मुलांना अक्षराभ्यासासाठी अजूनही नेतात. पलीकडे २०१४ पासून तेलंगण राज्य आहे. २०१८ साली तर धर्माबाद तालुक्यातल्याच काही गावांनी, तिकडच्या शेतकरी योजना पाहून, आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली. ज्या भाषेसाठी रेघ ओढली, तिच्यापेक्षा बी-बियाण्याचा पैसा त्यांना जवळचा वाटला. त्यांना दोष कोण देईल?

मग रेघेपलीकडे राहिलेल्यांचं काय? त्याच १ नोव्हेंबरला घटनेची सातवी दुरुस्तीही अमलात आली. तिने घटनेत ३५० अ हे कलम घातलं. भाषेने अल्पसंख्य असलेल्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असं ते सांगतं. म्हणजे रेघ आणि वचन एकाच दिवशी आलं. रेघ नकाशावर छापली गेली, ती आपोआप टिकली. वचनाचं तसं नाही. ते भैंशाच्या मराठी मुलाला तिथे आणि देगलूरच्या तेलुगू मुलाला इथे, दरवर्षी शाळेच्या दारात नव्याने मागावं लागतं. पलीकडच्या मराठी शाळेची आपण चौकशी करतो, ते योग्यच. तशीच आपल्या गावच्या तेलुगू मुलाचीही करू या.