वाटीतला फेस

दिवाळीच्या पहाटेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. उटणे, वासाचा साबण, पायाखाली चिरडलेले कारीट, पाठीवर पडलेला कढत पाण्याचा पहिला तांब्या, या साऱ्यांना दिवाळी अंकांत मानाचे पाट मिळाले. पण त्याच पहाटे, घर जागे होण्याच्याही आधी, खुंटीला आरसा टांगून एक गृहस्थ गालाला साबण फासत बसलेला असतो. त्याची दखल कोणी घेतल्याचे मला आठवत नाही.

आमच्या घरी ते गृहस्थ म्हणजे माझे वडील. पितळेच्या एका वाटीत बसवलेली साबणाची गोल वडी, दांडीचा रंग उडालेला ब्रश आणि गरम पाण्याचा पेला एवढीच त्यांची सामग्री. वडी बाजारातल्या सर्वांत स्वस्त वड्यांपैकी. पण त्यांच्या हाती ती अशी फुलत असे की वाटीवर कापसाचा ढीग ठेवल्यासारखे दिसे. तो फेस ते बोटाने माझ्या नाकाला लावीत. त्याला थोडा लिंबाचा, थोडा औषधी असा वास असे. माझ्या लेखी दिवाळी त्या वासाने सुरू होई; उटण्याचा नंबर नंतरचा.

पुढे दाढी फुटल्यावर मीही तीच वडी धरली. कोकणातल्या आमच्या विहिरीच्या पाण्यात ती मलाही वश झाली, आणि फेस काढण्याची कला आपल्या रक्तातच आहे अशी माझी समजूत झाली. ही समजूत सोलापूरकडच्या एका गावी बदली होईपर्यंत टिकली. तेथे पहिल्याच सकाळी वाटीत फेसाऐवजी पांढरट साका जमला. गालावर तो वाळून पापडासारखा तडकला आणि हनुवटीला दोन ठिकाणी कापून घेऊन मी वर्गावर गेलो. मुलांनी हसू दाबले ते मला दिसले. वडीत भेसळ आहे असे ठरवून मी तिच्या चौपट किमतीची नळी आणली. तिनेही तोच अपमान केला.

शेवटी शाळेसमोर लिंबाखाली बसणाऱ्या म्हाताऱ्या न्हाव्याकडे गेलो. सत्तरी उलटलेला माणूस. सारे गाव त्यांना बुवा म्हणे. माझी तक्रार त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "मास्तर, साबनाला कशापायी शिव्या घालता? साबन चांगलाच हाय. तुमचं पानी वंगाळ हाय."

मला शरम वाटली ती यासाठी, की हेच वाक्य शुद्ध भाषेत मी स्वतः मुलांना फळ्यावर लिहून देत होतो : ज्या पाण्यात साबणाला सहज फेस येत नाही ते दुष्फेन पाणी. त्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा साका करतात. म्हणजे आपण फासलेल्या साबणातला बराचसा, फेस होण्याआधीच, पाण्याचे देणे फेडण्यात खर्ची पडतो. पुस्तकातले वाक्य वाटीत ओळखायला मला न्हाव्याची गरज पडली. फेसाचा इतिहास शोधावा असे वाटू लागले ते त्या दिवसापासून.

तो शोधताना पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही, की दाढीला साबण फार उशिरा आला. त्याआधी सारे काम पाण्याचे. संत सेना महाराजांनी आपल्या अभंगात न्हाव्याच्या धंद्याचे रूपक केले आहे. त्यात आरसा आहे, चिमटा आहे, डोईवर घोळायचे पाणी आहे. साबण मात्र नाही. 'हजामत' हा शब्दच मुळी अरबीतल्या तुंबड्या लावण्याच्या विद्येवरून आला. न्हावी हा अर्धा वैद्य होता त्या काळाची ती खूण. बलुत्यावर राबणाऱ्या आपल्याकडच्या वारकाच्या धोकटीत वस्तरा असे, वाटी असे, आणि वाटीतले पाणी बोटांनी गालावर जिरवीत बसण्याची चिकाटी असे. गिऱ्हाइकाला ती चिकाटी गप्पांसारखी वाटे. वास्तविक तो सारा वेळ केस पाणी पीत असतो. केस आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी शोषून घेऊ शकतो, आणि पाणी प्यालेला केस कोरड्या केसापेक्षा कितीतरी कमी जोरात कापला जातो. मग साबणाचे काम काय? प्यालेले पाणी टिकवून धरणे, आणि पाते घसरते ठेवणे.

ही गोष्ट न्हाव्याला ठाऊक होती. दुनियेला ती न्यायालयाने सांगावी लागली. कोलगेट-पामोलिव्ह कंपनीने अमेरिकेत १९५९ साली दूरचित्रवाणीवर अशी जाहिरात केली, की तिचा डब्यातून निघणारा आयता फेस सुताराच्या खरखरीत काचपेपरावर लावला आणि लगोलग पाते फिरवले तरी कागद गुळगुळीत होतो. चौकशीत निघाले ते असे, की पडद्यावर दिसला तो काचपेपर नव्हताच. ती वाळू भुरभुरवलेली पारदर्शक प्लास्टिकची फळी होती. खरा तसला कागद तासता येई, पण सुमारे ८० मिनिटे भिजल्यावर! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६५ साली निकाल कंपनीच्या विरुद्ध लागला. ती ८० मिनिटे मला फार बोलकी वाटतात. आमच्या बुवांनी हा मुकदमा एका वाक्यात निकालात काढला असता.

आपली दाढी आपणच करावी हा विचार तसा जुना. पॅरिसच्या ज्यां-झाक पेरे नावाच्या, सुऱ्या-कात्र्या घडवणाऱ्या कारागिराने १७६९ साली त्यावर एक पुस्तकच लिहिले. पण साबण महाग होता. साबणाला लागणारा सोडा साध्या मिठापासून करण्याची युक्ती निकोला लब्लांने १७९१ साली काढली; इंग्लंडात साबणावरचा कर १८५३ साली उठला; तेव्हा कुठे साबण सामान्य माणसाच्या न्हाणीपर्यंत पोचला.

दाढीचा साबण मात्र कपड्यांच्या साबणाहून वेगळा. आपल्या जुन्या वैद्यकाने दोन खार वेगळे ओळखले होते : सज्जीखार आणि यवक्षार. पहिल्यात सोडा, दुसऱ्यात पोटॅश. सोड्याचा साबण कडक होतो, पोटॅशचा मऊ आणि चटकन विरघळणारा. दाढीच्या वडीत दोन्ही लागतात. तेलांचेही तसेच. खोबरेल फेस लवकर आणते, पण तो उतावळा फेस. मोठमोठे बुडबुडे, हां हां म्हणता विरणारे. दाट, बारीक, गालावर बसून राहणारा फेस येतो तो स्टिअरिक आम्लापासून. चरबीच्या पोटातली ही आम्ले मिशेल शेव्रल या फ्रेंच शास्त्रज्ञाने वेगळी करून दाखवली. त्याचा ग्रंथ १८२३ सालचा. हा मनुष्य १७८६ मध्ये जन्मला आणि १८८९ मध्ये, शंभरी उलटून, वारला. आधुनिक मेणबत्तीही त्याच्याच शोधातून निघाली. म्हणजे दिवाळीला खिडकीत लावलेली मेणबत्ती आणि वाटीतली वडी एकाच गोत्राच्या.

पुढचे नाव अमेरिकेतले. कनेक्टिकट प्रांतातल्या मँचेस्टर गावी जेम्स विल्यम्स नावाच्या औषधविक्रेत्याने १८४० साली खास दाढीसाठी साबण करून पाहिला आणि १८४७ पासून शेजारच्या ग्लास्टनबरीत त्याचा कारखाना चालवला. त्याच्या गोल वड्या मगात बसवून वापरीत. तिकडच्या न्हाव्यांच्या दुकानांत भिंतीवर फळ्या असत आणि त्यांवर नेहमीच्या गिऱ्हाइकांचे, नावे घातलेले, मग ओळीने मांडलेले असत. एकाचा चर्मरोग दुसऱ्याला लागू नये हा हेतू. पण मानही त्यात होताच. न्हाव्याच्या फळीवर आपला मग असणे ही गावात पत असल्याची खूण होती.

राहता राहिली चरबी. दाढीच्या साबणातले स्टिअरिक मुख्यतः जनावरांच्या चरबीतून येई, आणि आपल्याकडच्या कित्येक घरांत ते चालणारे नव्हते. पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याची रीत विल्हेल्म नोर्मान या जर्मन रसायनज्ञाने १९०२ च्या सुमारास बसवली आणि वनस्पती तेलांतूनही घट्ट साबण निघू लागला. पुढे याच रीतीने डालडा झाले. तेव्हा वनस्पती तूप आणि दाढीची वडी हे सख्खे मावसभाऊ आहेत, हे गृहिणींना सांगण्याचे धाडस मी या अंकापुरतेच करतो. मुंबईत कुलुपांच्या कारखान्यात नाव कमावलेल्या अर्देशीर गोदरेज यांनी १९१८ साली चरबीविरहित साबण बाजारात आणला तो याच भावनेची जाण ठेवून. तेलापासून जगात पहिला साबण त्यांनी केला असे कोणी म्हणतात. ते खरे नाही, ऑलिव्ह तेलाचे साबण शतकानुशतके होत आले आहेत. पण बिनचरबीची स्वदेशी वडी सोवळ्यातल्या घरात बिनदिक्कत शिरली, याचे श्रेय त्यांचेच.

आणि सुवास? त्याचा इतिहास तर मोठा चमत्कारिक. फुलांचे अत्तर स्वस्त वडीत घालणे कोणाला परवडणार? तो प्रश्न दगडी कोळशाच्या डांबरातून सुटला. विल्यम पर्किनने १८६८ साली कुमारिन प्रयोगशाळेत तयार केले; वाळलेल्या गवताचा गोड वास तो हाच. लव्हेंडर आणि कुमारिन यांच्या जोडीवर जो सुगंध उभा राहिला त्याला आपण आजही 'सलूनचा वास' म्हणून ओळखतो. १८८८ साली आल्बेर्त बाउर सुरुंगाच्या दारूवर प्रयोग करीत होता. हाती लागली ती नकली कस्तुरी, आणि ती साबणांत जाऊन बसली. म्हणजे फटाक्याच्या नात्यातला एक जण दिवाळीच्या पहाटे गालालाही लागत होता म्हणायचा! महाग साबणाच्या किमतीत पुष्कळसा भाग या वासाचा आणि डबीचा असतो. फेसात फारसा फरक नसतो.

स्वस्ताई कोठे नडते तेही सांगितले पाहिजे. पहिल्या महायुद्धात चांगले केस मिळेनासे झाले तेव्हा घोड्याच्या केसांचे स्वस्त ब्रश निघाले, आणि त्यांतून इंग्लंड-अमेरिकेत सैनिकांना व नागरिकांना काळपुळी, म्हणजे अँथ्रॅक्स झाला. काही प्राणांस मुकले. १९२० मध्ये ब्रिटनने जपानी दाढीच्या ब्रशांची आयातच बंद केली. वडी स्वस्त चालेल. ब्रश पारखून घ्यावा.

त्याच युद्धाने दुसरी एक गोष्ट केली. जिलेटचा सुरक्षित वस्तरा १९०३ साली, पहिल्या वर्षी, अवघे ५१ खपला होता. युद्धात तो अमेरिकन सैनिकांच्या पिशवीत गेला आणि घरोघर परतला. तोवर फेस काढणे हे न्हाव्याचे काम होते. आता ते प्रत्येकाच्या गळ्यात पडले. विद्या न्हाव्याच्या बोटांत राहिली आणि वडी आपल्या वाटीत आली. माझी सोलापूरकडची फजिती ही त्या ताटातुटीचीच एक शाखा.

बुवांनी मला जे शिकवले ते असे. पावसाळ्यात पन्हळाखाली घागर धरायची आणि ते पाणी गाळून, झाकून ठेवायचे. ते नसेल तर विहिरीचे पाणी उकळून, निवळून घ्यायचे, निम्मे दुखणे जाते. वडीवर चमचाभर कोमट पाणी घालून ती आधी भिजत ठेवायची. तोवर तोंड धुऊन गालावर पाणी जिरवायचे. किती वेळ, तर बुवांच्या मापाने, एक विडी ओढून होईतो. ब्रश भिजवून झटकायचा, जवळजवळ कोरडा करायचा आणि वडीवर मिनिटभर फिरवायचा. माझी चूक येथेच होती. मी पाणी आधी ओती आणि साबण मागाहून शोधी. बुवा आधी खिरीसारखा दाट लगदा करीत आणि मग ब्रशाचे टोक बुडवून थेंब थेंब पाणी देत. "कनीक मळताना पानी एकदम वतती का तुमची मालकीन?" असे त्यांनी विचारले होते.

वासाचा प्रयोग मी स्वतःच्या अकलेने केला. वडीवर हिन्याचे अत्तर चार थेंब सोडले. फेस जागच्या जागी बसला. तेलकट पदार्थ फेसाचा वैरी, हेही मी मुलांना शिकवीत होतोच! त्यानंतर वाळ्याची एक जुडी पाण्याच्या घागरीत टाकू लागलो. वडी वापरून झाली की उघड्यावर वाळू द्यायची आणि मग झाकायची. पाणी कढत नव्हे, कोमट घ्यायचे, नाहीतर होता तो वास वाफेबरोबर निघून जातो. एवढ्यावर त्या वडीला वडिलांच्या वाटीतला वास परत आला.

फेस जमू लागला आणि माझे लिंबाखाली जाणे थांबले. हे माझ्या ध्यानात आले तेव्हा चार महिने उलटले होते. आपले एक गिऱ्हाईक बुवांनी आपल्याच बोटांनी शिकवून घालवले. ते काही बोलले नाहीत. दिवाळीला पोस्त मागायला मात्र दारी आले, तेव्हा पैसे हातावर ठेवण्याऐवजी मी पाट मांडला, वाटी-ब्रश पुढे ठेवला आणि दाढी करा म्हणालो. त्यानंतर त्या गावी होतो तोवर नरकचतुर्दशीची माझी दाढी बुवांच्या हातची.

त्या पहिल्या पहाटे त्यांनी वाटी उचलून नाकाशी नेली, ब्रश दोनदा फिरवला आणि फेस बोटावर घेऊन पाहिला.

"पानी कुठलं, मास्तर?"

"पन्हळाचं."

"वाळा घातला जनू," असे म्हणून त्यांनी माझी हनुवटी वर केली.