लेकीला उपदेश, राजाला निरोप

आज आपण एका बापाने लेकीला केलेला लग्नाचा उपदेश पाहूया. बाप म्हणजे जॉर्ज सॅव्हिल, हॅलिफॅक्सचा मार्क्विस, सतराव्या शतकातल्या इंग्लंडमधला मुरलेला मुत्सद्दी. लेक एलिझाबेथ. तिच्यासाठी नववर्षाची भेट म्हणून लिहिलेली त्याची छोटी पुस्तिका १६८८ साली छापली गेली आणि पुढे कित्येक दशकं तिच्या आवृत्त्या निघत राहिल्या.

वर कसा निवडावा, हे मात्र तीत जवळजवळ नाहीच. का? तर मुलींना निवड करू देतो कोण, असं तो सरळ विचारतो. आईबापांनी सुचवलं की झालं. मग उरतं काय, तर पदरी पडलेल्या नवऱ्याला सांभाळणं. नवरा बाहेरख्याली असेल तर कळलंच नाही असं दाखव. दारुडा असेल तर त्याचा दोष तुझ्या पथ्यावर पडतो, तो तुला चार गोष्टी माफ करील. तापट असेल तर त्या घटकेला नमतं घे. मंदबुद्धी असेल तर पडद्याआडून कारभार तूच कर.

यात बापाची माया आहे, हे आपण नाकारू नये. कायदे बायकांवर कठोर आहेत, हेही तो कबूल करतो. पण काहींच्या दुःखापायी विवाहसंस्थाच सैल करता येत नाही, असं त्याचं म्हणणं.

आता त्याच वर्षाचं राजकारण पाहा. १६८८ च्या डिसेंबरात राजा दुसरा जेम्स पळून गेला. फेब्रुवारी १६८९ मध्ये विल्यम आणि मेरी यांना मुकुट स्वीकारण्याची विनंती उमरावांच्या वतीने कोणी केली? याच हॅलिफॅक्सने! म्हणजे नकोसा राजा बदलता येतो, नकोसा नवरा मात्र नाही.

ही विसंगती मेरी ॲस्टेल या विदुषीने १७०० साली विवाहावरच्या आपल्या पुस्तकात नेमकी पकडली. राज्यात अनियंत्रित सत्ता नको, तर ती घरात कशी चालते, हा तिच्या युक्तिवादाचा गाभा. गंमत अशी की ती स्वतः राजनिष्ठ होती. क्रांतिवाद्यांचंच तत्त्व तिने त्यांच्या उंबरठ्याच्या आत आणून ठेवलं.

तत्त्वज्ञानाच्या भाषेत प्रश्न कराराचा आहे. ज्यातून बाहेर पडता येत नाही, त्याला करार म्हणायचं का? इंग्लंडमध्ये घटस्फोट न्यायालयातून मिळायला १८५७ साल उजाडावं लागलं. तोवर पार्लमेंटचा खास कायदा करून घ्यावा लागे, आणि तो खर्च परवडणार किती जणांना?

एलिझाबेथचं लग्न पुढे चेस्टरफील्डच्या स्टॅनहोप घराण्यात झालं. पुस्तिकेच्या तिच्या प्रतीवर नवऱ्याने ‘व्यर्थ खटाटोप’ अशा अर्थाचा शेरा मारला, असं सांगतात. खरं-खोटं असो. आम्हाला वाटतं, बापाने लेकीला सोसण्याची युक्ती मन लावून शिकवली. सोसायचं का, हा प्रश्न त्याने राजापुरताच राखून ठेवला.