धुऱ्याचं भांडण आणि राजीनाम्याचा कागद

मृग लागला की आपल्या भंडारा जिल्ह्यात धानाच्या आधी धुऱ्याची भांडणं उगवतात. आमच्याच घरात हातभर धुऱ्यापायी बाबा आणि मोठे बाबा नऊ वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. कोर्टात तारखांवर तारखा. तेव्हापासून मला प्रश्न पडायचा, कोर्ट नव्हतं तेव्हा लोक भांडण मिटवायचे कसं?

शिवकाळात गोतसभा बसायची. देशमुख, पाटील, कुळकर्णी, बलुतेदार सगळे हजर, आणि निवाड्याच्या कागदाला म्हणायचे महजर. पुढे पेशवाईत पंचायत. पंच बसायच्या आधी दोन्ही बाजूंकडून लिहून घेत, की तुम्ही ठरवाल ते आम्हाला मान्य. त्या कागदाचं नाव राजीनामा! आज नोकरी सोडताना देतो तोच शब्द. मुळात तो राजी असल्याचा कागद. १८१८ नंतर एल्फिन्स्टनलाही पंचायती टिकवायच्या होत्या, पण कचेऱ्या वाढल्या तशा त्या मागे पडल्या. आपला मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, तो १८५४ मध्ये खालसा झाला.

पण जुनं ते सगळं सोनं नव्हतं. त्या बैठकीत बायका कुठे होत्या? गावकुसाबाहेरच्या माणसाचं कोण ऐकायचं? जातपंचायतीनं वाळीत टाकलं तर दाद कुठे मागणार? सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करायला महाराष्ट्राला २०१६ साल उजाडलं.

१५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटलांच्या पुढाकारानं महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावोगावी समित्या झाल्या. आपल्याकडे त्या तंट्यांपेक्षा पळून आलेल्या पोरापोरींची लग्नं लावण्यातच जास्त गाजल्या, पेपरात फोटो यायचे! काही ठिकाणी मात्र समितीचा अध्यक्षच न्यायाधीश होऊन बसला. तिचं काम तर समेट घडवायचं होतं.

मध्यस्थाचंही तसंच. तो निवाडा देत नाही, दोघांना बोलतं करतो. दिवाणी संहितेच्या कलम ८९ मुळे २००२ पासून कोर्ट स्वतःच प्रकरण मध्यस्थीला पाठवू शकतं. २०२३ मध्ये तर स्वतंत्र मध्यस्थी कायदाच आला. तिथे बोललेलं पुढे कोर्टात पुरावा म्हणून वापरता येत नाही, म्हणून माणूस मोकळा होतो.

आमचं प्रकरणही शेवटी मध्यस्थीला गेलं. पहिला तासभर दोघंही नकाशावर बोट ठेवून भांडले. मग मध्यस्थ बाईंनी आई आणि मोठ्या आईला विचारलं, तुम्हाला काय वाटते? इतक्या वर्षांत हे कोणी विचारलंच नव्हतं. मोठी आई म्हणाली, "धुऱ्याचं राहू द्या. सासूबाई गेल्या तवा आमाले निरोप शेजाऱ्यानं देल्ला. घरातून एक माणूस आला नाई."

बाबा खाली मान घालून बसले. मग उठून मोठ्या बाबांच्या पाया पडले. मोजणी दोन महिन्यांनी झाली. धुरा कोणाच्या बाजूला सरकला, ते आता मला आठवतही नाही.